उणे ऐंशीचा राखणदार

आमच्या निपाणी-बेळगाव पट्ट्यात ‘पोरगा काय करतो?’ असं विचारणाऱ्याला उत्तर बहुतेक आधीच ठाऊक असतं. पोरगा मराठा लाइट इन्फंट्रीत असतो, नाहीतर शाळेत मास्तर असतो, पुण्यात आयटीत असतो, गोव्यात हॉटेलात असतो, किंवा घरीच असतो आणि केपीएससी द्यावी की एमपीएससी, यावर विचार करत असतो. उत्तर या पाचांत बसलं की विचारणारा निवांत होतो आणि खरा प्रश्न विचारतो, “पर्मनंट हाय नव्हं?”

आमचा मावसभाऊ या पाचांतल्या कशातच बसत नाही. घरात सगळे त्याला दादा म्हणतात. तो बंगळुरात जनुकशास्त्राच्या संशोधनासाठी माणसांचं रक्त, लाळ वगैरे साठवून ठेवणाऱ्या एका बायोबँकेत ऑपरेशन्सचा प्रमुख आहे. मावशीनं सुरुवातीला हे वाक्य पाठ केलं होतं. पण हळदीकुंकवात ते पूर्ण होईपर्यंत समोरची बाई पुढच्या घरी पोचायची. हल्ली मावशी “सायंटिस्टांच्यात असतोय” एवढ्यावर भागवते.

दादाचं लग्न ठरत होतं तेव्हा चिकोडीकडचे एक पाहुणे आले होते. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी झाल्यावर त्यांनी चौकशीला हात घातला.

“म्हंजे डॉक्टर?”

“नाही.”

“मग सायंटिस्ट?”

“नाही, त्यांना लागणारे नमुने मी सांभाळतो.”

आतून मावशीच्या जाऊबाईंचा आवाज आला, “आमच्याबी घरात तीन हाईत, खरं त्यांचा पगार कुणी देईना बगा.” पाहुणे हसले आणि गेले ते गेलेच.

दोष पाहुण्यांचा नाही. या कामाची रीतच अशी आहे, की ते नीट झालं तर कुणाच्या नजरेला पडत नाही. जानेवारी 2025 मध्ये जीनोम इंडिया प्रकल्पाची मोठी बातमी आली. देशातल्या 83 समाजगटांतल्या सुमारे 10,000 लोकांचे संपूर्ण जनुकसंच वाचून झाले, 20 संस्था त्यासाठी राबल्या, सगळी माहिती फरिदाबादच्या केंद्रात संशोधकांसाठी खुली झाली. बातमीसोबत नेहमीचा डीएनएचा निळा जिना होता. आणि अगदी खाली, जिथं वाचक पोचण्याआधी चहा येतो तिथं, एक ओळ होती : गोळा केलेले सुमारे 20,000 रक्तनमुने बंगळुरातल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात, सेंटर फॉर ब्रेन रिसर्चच्या बायोबँकेत ठेवले आहेत.

ठेवले कुणी, ते बातमीत नसतं. दादाची बँक दुसरी आहे, पण माणूस त्याच पंगतीतला. शोधनिबंध छापून येतो तेव्हा वर तीस-चाळीस लेखकांची नावं असतात, आणि शेवटी आभारांमध्ये, निधी देणाऱ्यांच्या नंतर आणि संदर्भसूचीच्या आधी, ‘इतर तांत्रिक कर्मचारी’ असतात. त्या ‘इतर’चा प्रमुख म्हणजे आमचा दादा.

मी एकदा त्याची बँक पाहायला गेलो. माझ्या डोक्यात सिनेमातली प्रयोगशाळा होती : निळा उजेड, काचेची दारं, पांढऱ्या कोटातली माणसं. प्रत्यक्षात बूट काढून, कव्हरं चढवून आत गेलो तर एका लांबलचक खोलीत कपाटाएवढे फ्रीजर ओळीनं उभे, आणि खोलीत उकाडा! जगातला सगळा गारठा त्या कपाटांच्या पोटात आणि पोटातली सगळी उष्णता बाहेर आमच्या अंगावर. आत उणे 80 अंश राखायचे तर फ्रीजर बाहेर गरम हवा टाकणारच. मग ती खोली गार ठेवायला एसी. वीज गेली की दोघांनाही जनरेटर. जनरेटरला डिझेल. डिझेलला मंजुरी. मंजुरीला लेखाविभाग, आणि लेखाविभागाला दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी. जुन्या पद्धतीचा असा एक फ्रीजर दिवसाला 15-20 युनिट वीज खातो. मावशीचं निपाणीतलं अख्खं घर, पाण्याच्या मोटारीसकट, तेवढी खात नाही.

‘लीडर’ या शब्दावरून आपल्या डोळ्यांपुढं खुर्ची येते. दादाच्या हातात मात्र मी पहिल्यांदा पाहिलं ते प्लास्टिकचं खरवडणं. दमट दिवसांत दार उघडलं की बाहेरची हवा आत शिरते, दाराच्या कडेला बर्फ धरतो, बर्फ धरला की दार नीट बसत नाही, दार बसलं नाही की आणखी हवा. म्हणून बर्फ खरवडायचा. मागची धूळ धरलेली जाळी धुवायची. कार्यशाळांमध्ये लोक ‘भविष्यातलं वैद्यक’ यावर बोलत असताना हा गृहस्थ रबराच्या पट्टीकडं बघत असतो.

बाकीचं काम म्हणजे मांडणी. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त येतं. ते यंत्रात गरगरा फिरवलं की वर पिवळसर प्लाझ्मा, खाली तांबड्या पेशी, आणि मधे पांढऱ्या पेशींचा जेमतेम दिसणारा थर. डीएनए मिळायचं ते मुख्यतः त्या थरातून. मग प्रत्येकाचे छोट्या कुप्यांमध्ये वाटे. एका खोक्यात नऊ गुणिले नऊ, म्हणजे 81 कुप्या. खोकी रॅकमध्ये, रॅक फळीवर, फळी फ्रीजरमध्ये. प्रत्येक कुपीला संकेतचिन्ह, आणि संगणकात नोंद : फ्रीजर सात, फळी तीन, रॅक दोन, खोकं चार, खाना क-पाच. एकाच माणसाचे सगळे वाटे एकाच फ्रीजरमध्ये ठेवायचे नाहीत, हा नियम. सगळं सोनं एका पेटीत ठेवायचं नाही, हे आमच्या आजीला शिकवावं लागलं नव्हतं. शास्त्रज्ञांना मात्र दर महिन्याला सांगावं लागतं.

आणि कुपी सापडत नसेल तर दार उघडं ठेवून शोधत बसायचं नाही. आधी नकाशा बघायचा, मग दार उघडायचं, अर्ध्या मिनिटात बंद. दादाला ही शिस्त इतकी भिनली आहे की मावशीच्या फ्रीजसमोर कुणी ‘कोथिंबीर कुठाय गं?’ म्हणत उभं राहिलं की तो मागून येऊन शांतपणे दार लावतो. वहिनीशी त्याचं पहिलं भांडण याच मुद्द्यावर झालं. होय, लग्न झालं. मुलगी सांगलीच्या रक्तपेढीत कामाला होती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

या नोकरीत सगळ्यात वाईट आवाज कोणता असं विचारलंत, तर दादा सांगेल : कोणताच आवाज नसणं. त्यासाठी त्याच्या व्यवसायात तीन गोष्टी सांगतात, आणि त्या रात्री झोपण्यापूर्वी ऐकू नयेत.

पहिली, अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलची. 2012 साली तिथल्या मेंदूंच्या संग्रहातला एक फ्रीजर बंद पडला. बाहेरचा आकडा उणे 79 दाखवत राहिला. लोक येत होते, आकडा बघत होते, समाधानानं जात होते. सावध करणारी घंटाही वाजली नाही. दार उघडलं तेव्हा सुमारे दीडशे मेंदू वितळले होते, त्यातले 54 ऑटिझमच्या संशोधनासाठी जपलेले. दुसरी, स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटची. ज्या संस्थेत वैद्यकाचं नोबेल कुणाला द्यायचं ते ठरतं, तिथं 2023 च्या नाताळात 16 टाक्यांचा द्रवरूप नायट्रोजनचा पुरवठा तुटला. या टाक्या चार दिवस तग धरतात. त्या मात्र पाच दिवस तशाच राहिल्या. ल्युकेमियाच्या रुग्णांचे वर्षानुवर्षं जमवलेले नमुने गेले, नुकसान 50 कोटी क्रोनांच्या घरात.

तिसरी गोष्ट मात्र कुठंही घडू शकते, बेळगावच्या टिळकवाडीतसुद्धा. न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सलेअर पॉलिटेक्निकमध्ये सप्टेंबर 2020 मध्ये एक फ्रीजर बिघडून पिपी करत होता. दुरुस्तीला माणूस यायला वेळ होता, आत माल सुखरूप होता. प्राध्यापकबाईंनी दारावर चिठ्ठी लावली : फ्रीजर दुरुस्तीसाठी आवाज करतोय, हात लावू नका, इथं सफाई नको, आणि आवाजाचा फारच त्रास झाला तर अमुक बटण पाच-दहा सेकंद दाबा. इतकी सभ्य, सविस्तर चिठ्ठी. रात्री सफाईवाला आला. पिपी ऐकून त्याला वाटलं, बिचाऱ्याची वीज गेलेली दिसते. त्यानं मदत म्हणून खटका फिरवला. तो चालू होता, बंद झाला. सकाळपर्यंत उणे 80 चे उणे 32 झाले होते आणि वीस वर्षांचं संशोधन संपलं होतं. पुढं 2023 मध्ये संस्थेनं सफाई कंपनीवर दहा लाख डॉलरहून जास्त भरपाईचा दावा लावला.

ही गोष्ट मी आमच्या कट्ट्यावर सांगितली तेव्हा कुणी हसलं नाही. एकजण म्हणाला, “मग बरोबरच केला की तो. वाजालालं म्हणून बंद केला.” आपल्याकडं वाजणारी वस्तू दोनच प्रकारची : लग्नाची किंवा गणपतीची. तिसरं काही वाजलं की कुणीतरी परोपकारी माणूस उठून ते बंद करतो. म्हणून दादाच्या खोलीतल्या खटक्यांवर कुलपं आहेत, आणि कुलपांवर इंग्रजी, कन्नड, हिंदी, तमिळ अशा चार भाषांत पाट्या. पाचवी मराठी त्यानं स्वतः लावली. वाचणारा तो एकटाच, पण पाटी आहे.

पाटीवरून आठवलं. दादा या कामात एवढा वर कसा गेला, याचं कारण मला विचाराल तर ते विज्ञानात नाही, सीमाभागात आहे. ज्याला आपण निपाणीचं देवचंद कॉलेज म्हणतो ते अर्जुननगरला आहे, आणि अर्जुननगर कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात. दादा सकाळी कर्नाटकात अंघोळ करून सायकलनं महाराष्ट्रात बीएस्सीला जायचा आणि दुपारी जेवायला परत कर्नाटकात. घर एका राज्यात, कॉलेज दुसऱ्या राज्यात. कोणताही फॉर्म भरायचा म्हटला की आधी ‘आपण नक्की कुठले?’ हे ठरवायचं. रेशनकार्डावर त्याचं नाव कन्नडमध्ये एक, शाळेच्या दाखल्यावर मराठीत दुसरं, आधारवर इंग्रजीत तिसरं. आडनावातल्या ‘ळ’चा इंग्रजीत एकदा एल झाला, एकदा डबल एल, एकदा तो गळूनच गेला. तिन्ही माणसं एकच आहेत, हे सिद्ध करायला दादानं विशीच्या आत जेवढी प्रतिज्ञापत्रं केली, तेवढी पुण्याचा माणूस तीन जन्मांत करत नाही.

बायोबँकेत हेच शिक्षण उपयोगी पडलं. तिथं सगळ्यात मोठं पाप म्हणजे कुपी बरोबर आणि नाव चुकीचं. कुपी फुटली तर एक नमुना जातो. नाव बदललं तर कोणाचा तरी मधुमेह दुसऱ्याच्या जनुकात सापडतो, आणि त्यावर निबंध छापून येतो. दादा रुजू झाला तेव्हा नमुन्यांच्या यादीत ‘ठिकाण’ या रकान्यात बेळगाव, बेळगावी, बेलगाम आणि बेळगांव अशी चार गावं होती. यंत्रानं ती वेगळी धरून चार नकाशे काढले होते. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं सरकारी नाव बदललं तेव्हा आमच्याकडं मोर्चे निघाले, निषेध झाले, पेढेही वाटले गेले. संगणकाला यातलं काहीच कळवलं नव्हतं. दादानं एका संध्याकाळी बसून चारही बेळगावं एक केली. सीमाप्रश्नात एवढी प्रगती दुसऱ्या कुणाला जमलेली नाही.

पण पुढच्या रकान्यावर तो अडला. राज्य : कर्नाटक. मातृभाषा : मराठी. तिथल्या संगणकप्रणालीनं लाल खूण दाखवून विचारलं, ‘विसंगती. तपासून पाहा.’ दादा म्हणतो, “तो बिचारा संगणक आहे, त्याला काय बोलू. आपल्याला तर 1956 पासून विचारतायत.”

बरं, असा माल गार सांभाळण्याच्या कामात बेळगाव नवखं आहे असंही नाही. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो मैदान बेळगावकराला माहीत असतं ते सकाळच्या फिरण्यासाठी, सभांसाठी, आणि कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या काळात होणाऱ्या किंवा होऊ न दिल्या जाणाऱ्या मराठी महामेळाव्यासाठी. पण नावातली लस खरी आहे. इथल्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमध्ये देवीची लस तयार होत असे. वासराच्या पोटाची कातडी ओरखडून तिथं लशीचा विषाणू रुजवायचा, फोड आले की त्यातली लस खरवडून घ्यायची, ग्लिसरिनमध्ये घोटायची आणि गार ठेवायची. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत गोठवून सुकवलेली लस बनवणाऱ्या देशातल्या चार ठिकाणांत पटवाडांगर, गिंडी आणि हैदराबाद यांच्याबरोबर बेळगाव होतं. एप्रिल 1977 मध्ये भारत देवीमुक्त ठरला, 1980 मध्ये जग. त्या लसीत बेळगावच्या वासरांचा वाटा आहे, आणि त्या वासरांच्या वैरणीचा, बर्फाचा, बाटल्यांचा हिशेब ठेवणारा कुणीतरी ऑपरेशन्सचा प्रमुख तेव्हाही असणार. त्याला बहुधा हेडक्लार्क म्हणत असतील. देवीची गरज संपली, वासरं गेली, मैदान उरलं.

गंमत म्हणजे बेळगावच्या वैद्यकीय संशोधनाचं नाव नंतर जगभर गाजलं ते फ्रीज न लागणाऱ्या गोष्टीमुळं. 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये जेएनएमसी या इथल्या मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेली चाचणी आली. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,620 बाळंतिणींना नर्सबाईंकडून मिसोप्रोस्टॉल किंवा तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली होती. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. नेहमीचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन गार ठेवावं लागतं, ही गोळी पाकिटासकट पदराच्या गाठीतसुद्धा टिकते. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी ती आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. दादा हे मोठ्या आदरानं सांगतो आणि लगेच पुटपुटतो, “डीएनएची गोळी करता आली असती तर मीबी घरी जेवायला आलो असतो.”

एकदा 1 नोव्हेंबरचा काळा दिवस पाळून आलेल्या मंडळींत आम्ही बसलो होतो आणि बोलणं सीमाप्रश्नाकडं वळलं. 1967 चा महाजन अहवाल, 2004 चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, 865 गावं. दादा म्हणाला, “आमच्याकडं अशा नमुन्याला एक नियम असतोय. गोठवलेला नमुना सारखा सारखा बाहेर काढायचा नाही. दर वेळी वितळतो, परत गोठवला की थोडा मोडतो. म्हणून आधीच वाटे करून ठेवायचे, लागेल तेवढाच वाटा काढायचा.” मंडळी विचारात पडली. प्रश्न तर दर 1 नोव्हेंबरला निघतो, अधिवेशनाला निघतो, निवडणुकीला तर दोन्ही बाजूंनी एकदम निघतो, उन्हात फिरतो आणि संध्याकाळी परत आत जातो. “मग त्यात आता काय शिल्लक असंल?” एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं काळजीनं विचारलं. दादा म्हणाला, “अण्णा, डीएनए चिवट असतोय. आरएनए जातो.” अण्णांनी हे समाधानकारक मानलं.

दादाचं काम निपाणीत नेमकं कळलं असेल तर ते एकट्या काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना. काकांची हयात तंबाखूच्या वखारीत गेली. ओल किती, गंजीत ऊब धरलीय का, कुठल्या गावचा माल कुठल्या थप्पीत, कोणाच्या नावावर. 1981 च्या शेतकरी आंदोलनात रस्ते बंद झाले, गोळीबार झाला, तेव्हासुद्धा हे दिवसातून दोनदा गंजीत हात घालून ऊब बघायला जात. ते एकदाच बंगळुरला आले. लेकाची बँक फिरून पाहिली, काही बोलले नाहीत, आणि बाहेर आल्यावर तीनच प्रश्न विचारले.

“माल कुणाचा?”

“देणाऱ्याचा. आम्ही नुसते विश्वस्त. त्यानं परत नको म्हटलं की वापर बंद करायचा. तशी सहीच असते.”

“व्यापारी कोण?”

“व्यापार नाही, काका. संशोधक मागतात, समिती बघते, मग देतो. परदेशी पाठवायचं तर दिल्लीची परवानगी.”

“आणि नासला तर?”

“मी.”

काकांनी मान हलवली. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, “रात्रीचा वॉचमन चांगला बघून ठेव.”

हा सल्ला दादानं मनावर घेतला. सध्या अशा बँका वाढतायत. जुलै 2025 मध्ये दिल्लीत सीएसआयआरनं राष्ट्रीय बायोबँक सुरू केली, ब्रिटनमध्ये तर पाच लाख लोकांचे नमुने यंत्रमानव काढून देतात. दादाकडं यंत्रमानव नाही, म्हणून त्यानं रात्रपाळीच्या जागेची जाहिरात दिली. अर्ज आले ते मोठमोठ्या पदव्यांचे. मुलाखतीत तो सगळ्यांना एकच प्रश्न विचारी : रात्री तीन वाजता फ्रीजर वाजला, काय कराल? एकानं कार्यपद्धतीचा क्रमांक सांगितला. एक म्हणाली, मूळ कारणाचं विश्लेषण करीन. एकानं वरिष्ठांना ईमेल करण्याची तयारी दाखवली. शेवटी खानापूरकडचा एक बारकासा पोरगा आला, डिप्लोमावाला. त्याला प्रश्न विचारला तर तो म्हणाला, “आधी डिझेल किती हाय ते बगतो. मग तुमास्नी उठवतो. मग रिकाम्या फ्रीजरात माल हलवालालो.”

“रिकामा फ्रीजर कुठून आणला?”

“एक रिकामा ठेवलेला असणारच की, सर. नसंल तर तुमचंच चुकलंय.”

दादानं त्याला तिथंच निवडलं. पोरगा उठला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “सर, गणपतीत पाच दिवस सुट्टी मिळंल नव्हं? आमच्याकडं विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतंय.”

“बघू,” दादा म्हणाला. पोरगा रुजू झालाय. सुट्टीचा अर्ज त्यानं पहिल्याच दिवशी दिला, आणि तो दादाच्या टेबलावर आहे, वर तारीख, खाली क्रमांक, कोपऱ्यात संकेतचिन्ह.